आमच्या साडूंची मागची काच

जगात दुरुस्त होणार नाही अशी वस्तूच नाही, असा आमच्या साडूंचा सिद्धांत आहे. आणि त्यांनी दुरुस्त केलेली एखादी वस्तू पाहिली की जगात दुरुस्त होईल अशी वस्तूच नाही, याबद्दल आपली खात्री पटते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. डहाणूजवळ आगरला त्यांची चिकूची वाडी आहे. वाडीत घर आहे आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेलेली आहे. त्यामुळे तिथे मुक्कामाला जाणाऱ्या पाहुण्याला आधी थोडं शिक्षण घ्यावं लागतं. बाहेरच्या खोलीतला पंखा लावायचा तर आधी स्वयंपाकघरातला दिवा मालवावा लागतो. का, ते विचारायचं नाही, कारण विचारलं तर साडू सांगायला लागतात. न्हाणीघरातला नळ डावीकडे पिळला तर बंद होतो आणि उजवीकडे पिळला तर हातात येतो. मिक्सर चालू करताना झाकणावर वरवंटा ठेवून तो दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. आमच्या ताईचं, म्हणजे साडूंच्या पत्नीचं, म्हणणं असं की वरवंटा हातात घेतलाच आहे तर पाट्यावर वाटून घेणंच सोपं. साडू यावर रागावत नाहीत. ते शांतपणे म्हणतात, "नव्वद टक्के काम झालंय त्याचं. दहा टक्के राहिलंय."

"जमलं नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून निदान माझ्या लग्नापासून तरी कुणी ऐकले नव्हते. सायवनला नात्यातल्या एका लग्नात ऐन मुहूर्तावर माइक शिट्ट्या मारू लागला. साडूंच्या खिशात लग्नाकार्यातसुद्धा पक्कड असते. भटजी "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी माइकचं बूड उघडलं होतं. पुढची मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. नवरीच्या मामांनी हात वर केला तेव्हा आम्ही सगळ्यांनी अंदाजाने अक्षता टाकल्या. पंगतीत साडू माझ्याशेजारी बसले होते. जिलबीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "पण शिट्टी गेली नी, साडूभाऊ?" शिट्टी गेली होती, यात शंका नाही.

अशा माणसाने जुनी व्हॅन विकत घ्यावी, ही त्या व्हॅनच्या दृष्टीने वाईट गोष्ट झाली. गुजरातच्या बाजूच्या एका बेकरीवाल्याकडून त्यांनी ती आणली. उन्हात उभी राहिली की अजूनही तिच्यात खारीचा वास सुटतो. चिकूचे करंडे बाजारात न्यायला गाडी झकास होती. खोट एकच. मागच्या दाराच्या काचेभोवतीचं रबर वाळून कडक झालेलं होतं आणि पावसाळ्यात तिथून पाणी आत येई. निम्मं पाणी मागे ठेवलेल्या सामानावर पडे आणि निम्मं मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मानेवर. साडूंनी या गळतीचा अभ्यास केला. आगरहून सायवनकडे जाताना कमी गळतं आणि परत येताना जास्त, असं त्यांच्या लक्षात आलं. सबब दोष गाडीचा नसून वाऱ्याचा आहे. मग वाडीत गाडी लावताना ते तिची मागची चाकं विटांवर चढवू लागले, म्हणजे टपावरचं पाणी पुढे वाहून जाईल. ते पुढे वाहून गेलं आणि पुढच्या दारातून आत आलं.

आता खरं म्हणजे एवढीशी गळती कुणी मनावर घेतली नसती. आपल्याकडे पावसाळ्यात गळत नाही असं काय आहे? पण त्या काचेपाशी एक माणूस अडला होता.

तो माणूस म्हणजे आमचे सासरे. सारी उधव्याची बाजू त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून आम्ही जावईही गुरुजीच म्हणतो. उधव्याला त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलं, तिथेच विटा भाजून घेऊन घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. आमचा जिल्हा ठाण्यातून फुटून पालघर झाला त्याच पावसाळ्यात आमच्या सासूबाई गेल्या. गुरुजी त्या घरात एकटे पडले. त्यांना दोन मुलीच. माझं डहाणूतलं बिऱ्हाड म्हणजे एक खोली आणि एक खोलीचा आभास, तेव्हा गुरुजींनी ताईकडे आगरला राहायला यावं, असं सगळ्यांच्याच मनात होतं. तेराव्याला ताईने विषय काढला. "बाबा, आता आमच्याकडेच चला," ती म्हणाली आणि रडायला लागली. गुरुजी अंगणात बघत बसले होते. अंगणात व्हॅन उभी होती आणि तिचं मागचं दार उघडून साडू फडक्याने पाणी टिपत होते.

"येईन की," गुरुजी म्हणाले. "न यायला काय झालं? पण माझी पुस्तकं, तुझ्या आईची पेटी, सगळं त्या गाडीतून न्यायचं म्हणजे भिजून जाणार. ती मागची काच एकदा नीट होऊ दे. ज्या दिवशी ती गळायची थांबेल, त्या दिवशी मी गाडीत बसतो."

बसलेल्या सगळ्यांना याचा अर्थ कळला. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. जेवतात, नातवंडांचे लाड करतात आणि दिवेलागणीच्या आत पायात चपला घालतात. गुरुजींची पंचाईत अशी की असल्या चाली खुळचट आहेत, हे त्यांनी जन्मभर वर्गात शिकवलेलं होतं. लेकीकडे राहायचा संकोच वाटतो, असं म्हणायची आता सोय नव्हती. आणि हे घर सोडवत नाही, असं चारचौघांत म्हणण्याइतके ते मऊ नव्हते. म्हणून त्यांनी काचेचं नाव पुढे केलं. ती सबब होती, आणि सबब म्हणूनच सगळ्यांनी ती मुकाट्याने घेतली. एकट्या आमच्या साडूंनी ती काम म्हणून घेतली.

ताईलाही ती सबब आहे हे कळत होतंच. पण सबबच उरली नाही तर बाबांना यावं लागेल, असा तिचा विचार. गुरुजींना रक्तदाबाचा त्रास होता. एकदा विहिरीपाशी पाय घसरून ते पडले आणि शेजारच्यांनी उचलून ओट्यावर आणेपर्यंत बराच वेळ तसेच पडून होते. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की ताई हातातलं काम टाकून धावे. पावसाळा सुरू झाला की ती साडूंना म्हणे, "अहो, एवढी एक काच नीट करा. मी दुसरं काही मागत नाही." आणि मिक्सर, नळ, पंखा या सगळ्यांवर तिने पाणी सोडलेलं होतं, तेव्हा हे अगदी खरं होतं.

मी कचेरीत कारकुनी करणारा माणूस. पळवाट दिसली की मला राहवत नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी गुरुजींना म्हटलं, "काच पावसाळ्यातच गळते. मग उन्हाळ्यात सामान हलवलं तर?" गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पण जावईबापू, काच खरोखर नीट झाली आहे की नाही, हे उन्हाळ्यात कळणार कसं?" मग मी टेम्पो करण्याचं सुचवलं, तर साडूच उसळले. "माझी गाडी दारात असताना सासऱ्यांचं सामान भाड्याच्या टेम्पोतून? लोक काय म्हणतील?" गुरुजींनी त्यांच्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. इतका उपयोगी जावई त्यांना दुसरा मिळाला नसता.

साध्या माणसाने गाडी गॅरेजवर नेली असती. साडूंचा गॅरेजवर विश्वास नाही. "गॅरेजवाला रबर बदलतो, गळती बदलत नाही," असं ते म्हणतात. आपल्या वाडीत आणि आपल्या समुद्रावर जे मिळत नाही ते कशालाच लागत नाही, हा त्यांचा बाणा. तेव्हा पहिला प्रयोग चिकूच्या चिकाचा झाला. कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो आणि तो हाताला लागला की लवकर सुटत नाही, हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यावरून गाडीच्या काचेपर्यंत फक्त साडू पोचले. थंडीभर त्यांनी करवंटीत चीक जमवला, आटवला आणि रबराच्या खाली बोटाने भरला. काच अशी घट्ट बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती ओढून बघायला सांगू लागले. मग ऊन तापलं. चीक पातळ होऊन ओघळला आणि वाडीतले यच्चयावत मुंगळे त्या वाटेने गाडीत राहायला आले. त्याच सुमारास गुरुजींना रविवारच्या जेवणाला आणलं होतं. उतरताना त्यांचा सदरा पाठीकडून बाकाला चिकटून बसला. दोघांना ओढून सोडवावा लागला. गुरुजी म्हणाले, "गाडीचा फारच लोभ दिसतो माझ्यावर. पण जावईबापू, पाऊस अजून यायचा आहे हं."

पावसाने त्यांचा शब्द राखला. पुढच्या वर्षी साडू समुद्राकडे वळले. आगरला होड्या दुरुस्त करणारा त्यांचा एक जुना दोस्त आहे. होडीच्या फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात, ते पाहून साडूंनी तसाच कापूस आणला आणि त्या दोस्ताला गाडीपाशी बोलावलं. तो बिचारा गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "अरे शेट, व्होडी पाण्यात ऱ्हाते, म्हणून लाकूड फुगतं नी फट बुजते. तुजी गाडी काय फुगनार हाय?" साडूंना ही शंका क्षुल्लक वाटली. त्यांनी काचेच्या चारी बाजूंनी कापूस ठोकला. पावसाची एक सर झाल्यावर आम्हाला कळलं की आपण गाडीला वात लावली आहे. पूर्वी पाणी वाट चुकतमाकत यायचं. आता कापसाच्या बोटाला धरून थेट आत येऊ लागलं. साडू म्हणाले, "बघा, आता एकाच जागेवरून येतं. म्हणजे बाकीच्या जागा बंद झाल्या. नव्वद टक्के काम झालं."

मधल्या काळात मेणबत्तीचं मेण झालं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या झाल्या, डांबर झालं, नळाला लावतात ते करडं लुकण झालं. हे थरावर थर चढत गेल्याने काच चारी बाजूंनी बुजत बुजत मधे फक्त ताटलीएवढी उरली. मागचं काही दिसायचं नाही. साडू म्हणत, "मागे बघायचंय कुणाला?"

प्रत्येक प्रयोगाची परीक्षा होई, आणि या परीक्षेला पाहुणे लागत. आगरला तुम्ही कधीही जा, चहाच्या आधी तुम्हाला व्हॅनमध्ये बसवण्यात येई. दारं बंद. हातात खडू. बाहेरून साडू चिकूवर औषध मारायच्या पंपाने काचेवर पाण्याचा मारा करत आणि जिथे थेंब दिसेल तिथे तुम्ही खडूने खूण करायची. नात्यातली एक मुलगी बघायच्या निमित्ताने आलेल्या एका भिवंडीच्या गृहस्थांना त्यांनी असं बसवलं होतं. ते पुन्हा आगरला आले नाहीत. माझी तर कायमची नेमणूक होती. आत वाफ, खारीचा वास, मुंगळे, आणि बाहेरून साडूंचा आवाज, "दिसतंय का काही?" "दिसत नाही हो, लागतंय!" मी ओरडे. "कुठे?" "मानेवर!" "मानेवर नका खूण करू, पत्र्यावर करा!" ताई मग मला टॉवेल देत म्हणे, "भावोजी, तुम्ही म्हणून सोसता." मी सोसत होतो, कारण त्यानंतर ताईच्या हातची बोंबलाची चटणी मिळायची.

२०१८ च्या उन्हाळ्यात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. तलासरीला हायवेवर ट्रकच्या काचा बसवणारा एक कारागीर आहे. साडू चिकू पोचवून येताना पाणी प्यायला म्हणून तिथे थांबले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. काच बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचं पाणी लावतात आणि एकाने बाहेरून काच दाबायची नि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर आपोआप चढत जाते, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं. निघताना त्या कारागिराने व्हॅनच्या काचेवरचे थर नखाने खरवडले, खाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, रबरनो वांक नथी. नीचे पतरुं सडेलुं छे." रबराचा दोष नाही, खालचा पत्राच सडलाय. "तेच मी सगळ्यांना सांगत होतो," साडू म्हणाले. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

पण घरी येऊन त्यांनी जे केलं ते पाहून मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी चीक, कापूस, मेण, डांबर सगळं खरवडून काढलं. काच उतरवली. गंजलेला पत्रा घासला, पट्टी मारून घेतली, लाल रंगाचा हात दिला, वाळू दिला. आणि मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक वस्तू दुकानातून विकत आणली. नवं रबर. दोरी मात्र मासेमारीच्या जाळ्याचीच होती. मी बाहेरून तळहातांनी काच दाबून धरली होती, साडू आत वाकून दोरी ओढत होते, ताई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. रबर कोपऱ्यावर अडलं तेव्हा काच कुरकुरली. "दाबा, साडूभाऊ, दाबा! तिथे नाही, तिथे!" दोरीचं टोक सुटून त्यांच्या हातात आलं आणि काच बसली. साडू घामाने निथळत बाहेर आले. पंप आणला. मी नेहमीप्रमाणे आत बसलो. पंपातलं पाणी संपलं, पुन्हा भरलं, पुन्हा संपलं. एक थेंब आला नाही. मी बाहेर येऊन कोरडी मान दाखवली, तेव्हा ताईने ती खरोखर हात लावून बघितली.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही गुरुजींना आणायला निघालो. ताई घरीच थांबली. तिने बाहेरची खोली पुसून घेतली होती, नवी गादी भरून घेतली होती, भिंतीत पुस्तकांसाठी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. त्या तिने मुद्दाम सुताराकडून ठोकून घेतल्या होत्या. सायवनच्या पुढे पावसाने असा काही जोर धरला की वायपर थकले. साडू दर वळणावर विचारत, "आहे का काही?" मी मागच्या बाकावरून म्हणे, "काही नाही." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

गुरुजी ओट्यावर उभे होते. त्यांनी मागच्या दारापाशी येऊन काचेच्या कडेने बोट फिरवलं. बोट बघितलं. "कोरडं आहे," ते म्हणाले. मग दुसऱ्या कडेनेही बोट फिरवून, "शाबास," म्हणाले. शाळेतला जो मुलगा कधी पास होणार नाही अशी खात्री असते तो पहिला आला तर मास्तर ज्या आवाजात शाबास म्हणतील, तो आवाज होता. शब्दाचा माणूस. पुढे दुसरी सबब काढली नाही. पुस्तकं बांधली, सासूबाईंची पेटी मी उचलून मागे ठेवली. शेजारची माणसं ओट्याशी जमली. एक म्हातारी गुरुजींना सारखी विचारत होती, "परत कदी येनार?" गुरुजी म्हणाले, "येईन ना, येईन." किल्ली तिच्या मुलाच्या हातात दिली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि गाडीत चढले. मी पुढे साडूंच्या शेजारी बसलो.

गाडी निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागची काच अख्खी स्वच्छ होती आणि तिच्यातून मागचं सगळं दिसत होतं. गुरुजी बाकावर आडवे वळून बसले आणि तिच्यातून घराकडे बघत राहिले. ओटा, त्यावरची माणसं, विहीर, शेवग्याचं झाड, सगळं हळूहळू लांब जात होतं. मी वळून पाहिलं तर मला फक्त त्यांची पाठ आणि पांढरं डोकं दिसलं. ते रडत नव्हते. पण मला तिकडे बघवलं नाही, म्हणून मी पुढे बघायला लागलो, तर साडू आरशात बघत होते. बराच वेळ. रस्त्याकडे लक्ष नव्हतं त्यांचं. गाडी इतकी हळू झाली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

वळणापाशी साडूंनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरले, पावसात भिजत मागे गेले, दार उघडून वाकून बघितलं आणि मला हाक मारली. "साडूभाऊ, जरा इकडे या. हे बघा. ओलं आहे नी इथे?"

मी खालच्या कोपऱ्यावर हात ठेवला. खडखडीत कोरडं होतं. मी साडूंकडे पाहिलं. त्यांच्या नाकावरून पाणी गळत होतं आणि ते माझ्याकडे अशा काही नजरेने पाहत होते की मी म्हटलं, "हो. ओलं आहे."

साडू गुरुजींच्या खिडकीपाशी गेले. "गुरुजी," ते म्हणाले, "काच गळतेय. मला जमलं नाही."

मी हे शब्द माझ्या कानांनी ऐकले. गुरुजी चष्मा काढून पुसत म्हणाले, "असू दे, असू दे. प्रयत्न तुम्ही पुष्कळ केलात. आता पुढच्या पावसाळ्यात बघू." आणि आम्ही गाडी वळवली. पुस्तकं गाडीत कोरडी राहिली होती. ती भिजली उतरवताना, गाडीपासून ओट्यापर्यंतच्या अंगणात. गुरुजींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती म्हातारी टाळ्या वाजवत होती.

परतीच्या वाटेवर मी एकदा विषय काढायला गेलो. साडू म्हणाले, "हिला मी सांगतो, तुम्ही मधे पडू नका." त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ताई जे बोलली ते मी लिहीत नाही. इतक्या वर्षांत एक काच नीट करता आली नाही, आयुष्यात एक काम पुरं केलं नाही, माझा बाप तिथे एकटा मरेल तेव्हा पक्कड घेऊन जा, असं बरंच काही. साडू पाटावर बसून ऐकत होते. त्यांच्या हातून जन्मात एकच वस्तू खरोखर दुरुस्त झाली होती आणि ती दुरुस्त झाली आहे एवढं म्हणायचीही त्यांना चोरी होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला की मी न जेवताच घरी आलो.

दसऱ्याला आम्ही दोघं आगरला गेलो. साडू ओट्यावर गाडीसाठी झेंडूची माळ ओवत बसले होते. ताई गाडी धूत होती. धूत होती म्हणजे बादल्या भरभरून मागच्या काचेवर आदळत होती, आणि प्रत्येक बादलीत साडूंविषयीचं मत होतं. मग नेहमीच्या सवयीने आत आलेलं पाणी टिपायला तिने फडकं घेतलं आणि मागचं दार उघडलं. फडकं फिरवलं. उलटं करून पुन्हा फिरवलं. हाताने चाचपलं. मग ती तशीच उभी राहिली आणि वळून साडूंकडे बघत राहिली. साडूंनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवणं हे त्यांना त्या वेळी फारच अवघड जात होतं.

तेवढ्यात गुरुजींचा दसऱ्याचा फोन आला. तो माझ्याच बायकोने घेतला आणि ताईला दिला. ताईने नमस्कार सांगितला, गोळ्या घेता का विचारलं, शेजारची म्हातारी भाकरी देते का विचारलं. मग गुरुजींनी पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तिने हातातलं फडकं एकदम बादलीत टाकलं. तिचे डोळे भरून आले होते. पदराने ते पुसून ती ठसक्यात म्हणाली, "काच ना? अजून गळतेच बाबा. ह्यांच्याच्यानं काय होतंय! तुम्ही आपले तिथेच बरे." फोन ठेवून ती आत गेली. जाताना साडूंच्या खांद्यावर पडलेली झेंडूची पाकळी तिने उचलून टाकली.

साडू बराच वेळ माळ ओवत राहिले. मग मला म्हणाले, "शनिवारी उधव्याला येता का माझ्याबरोबर? गुरुजींच्या कौलांतून पाणी येतंय म्हणे." या माणसाला त्या घराच्या छपरावर चढू देणं धोक्याचं आहे, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं. हल्ली ते दर शनिवारी जातात, ताईने दिलेला डबा घेऊन, आणि रात्री तिथेच ओट्यावर झोपतात. सासरा जावयाकडे राहत नाही. जावई सासऱ्याकडे राहिला तर त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. यंदाही पाऊस चांगला झाला. गुरुजी थकलेत. फोनवर ते अजून काचेची चौकशी करतात आणि आम्ही तिघंही ती गळते असंच सांगतो. एक दिवस हे विचारायला कुणी असणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तो विचार आला की मी साडूंकडे पाहतो. ते पक्कड घेऊन कुठेतरी निघालेले असतात.